जिंकून बुडालेली व्हिओ

20 डिसेंबर 2011 रोजी अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं कॉपीराइटच्या एका खटल्याचा निकाल दिला. वादी होत्या युनिव्हर्सल म्युझिक ग्रुपच्या कंपन्या, म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं संगीतघराणं. प्रतिवादी होती सॅन डिएगोची 'व्हिओ', लोकांनी चढवलेले व्हिडिओ दाखवणारी वेबसाइट. निकाल व्हिओच्या बाजूनं लागला. खालच्या कोर्टानंही दोन वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं आणि त्याआधी एका वेगळ्या खटल्यात दुसऱ्या कोर्टानंही. पण अपिलाचा निकाल आला तेव्हा व्हिओच्या कचेरीत पेढे वाटायला कोणी उरलं नव्हतं. बावीस महिने आधी, फेब्रुवारी 2010 मध्ये, कंपनीनं दिवाळखोरीचा मार्ग धरला होता.

लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंबद्दल वेबसाइटला किती जबाबदार धरायचं, या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत बरंच लिहिलं गेलं आणि बहुतेक लेखन यूट्यूबच्या अंगानं झालं. ते स्वाभाविक आहे, कारण यूट्यूब उरलं. मला मात्र व्हिओची वाटचाल अधिक शिकवणारी वाटते. कायदा कागदावर कसा आहे हे यूट्यूबच्या खटल्यातून कळतं. तो कायदा पदरात पडेपर्यंत काय मोजावं लागतं, हे व्हिओकडून कळतं.

दिमित्री शपिरो यांनी ही कंपनी काढली. त्याआधी त्यांनी सॅन डिएगोतच अकोनिक्स नावाची, कचेऱ्यांमधल्या चॅटच्या सुरक्षिततेचं काम करणारी कंपनी उभी केली होती. व्हिओ निघाली ते साल 2005. घरोघरी ब्रॉडबँड येत होतं, डिजिटल कॅमेरे स्वस्त होत होते आणि फ्लॅशमुळे व्हिडिओ थेट ब्राउझरमध्ये चालू लागला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम यांनी यूट्यूबचं नाव नोंदवलं. 23 एप्रिलला करीम यांचा प्राणिसंग्रहालयातला छोटासा व्हिडिओ त्यावर चढला. यूट्यूबचा भर छोट्या तुकड्यांवर होता. 2006 मध्ये त्यांनी दहा मिनिटांची मर्यादाच घातली. व्हिओची कल्पना निराळी होती. कोणालाही आपली स्वतःची दूरचित्रवाणी चालवता यावी, तासाभराचा माहितीपटही अखंड दाखवता यावा, असं शपिरो यांच्या मनात होतं. त्यासाठी त्यांनी संगणकावर उतरवून घेण्याचं एक सॉफ्टवेअरही केलं. मोठ्या फायली प्रेक्षकांच्या संगणकांमधूनच एकमेकांकडे पोचवण्याचं तंत्र त्यात होतं.

2006 मध्ये या कल्पनेवर मोठ्या माणसांनी पैसे लावले. त्यांतले एक मायकेल आयझनर. 1984 ते 2005 अशी एकवीस वर्षं डिस्ने कंपनी चालवलेला हा माणूस. टाइम वॉर्नरनंही गुंतवणूक केली. शेल्टर कॅपिटल, स्पार्क कॅपिटल, गोल्डमन सॅक्स ही नावंही जोडली गेली. चित्रपट आणि मालिका यांवर उभ्या असलेल्या घराण्यांतली माणसं व्हिओच्या मागे उभी होती, हे लक्षात ठेवायला हवं. चोरबाजार मांडून बसलेल्या टोळीची ही गोष्ट नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर फिरतं.

वर्तमानपत्रात काही छापून येण्याआधी संपादक ते वाचतो, म्हणून छापलेल्या मजकुराची जबाबदारी त्याच्याकडे जाते. गावच्या चावडीवर फळा टांगला आणि रात्रीत येऊन कोणी त्यावर कागद चिकटवला, तर फळा टांगणाऱ्यानं तो वाचलेलाही नसतो. वेबसाइट संपादकासारखी की फळ्यासारखी? अमेरिकी संसदेनं 1998 मध्ये डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अॅक्ट केला आणि त्याच्या 512 व्या कलमात याचं उत्तर अटींसह दिलं. वापरकर्त्याच्या सांगण्यावरून साठवलेल्या मजकुराबद्दल साइटकडून भरपाई मागता येणार नाही. पण साइटनं नोटिसा घेण्यासाठी माणूस नेमून त्याचं नाव कॉपीराइट कार्यालयात नोंदवलं पाहिजे, नोटीस आली की मजकूर तातडीनं काढला पाहिजे, वारंवार हक्कभंग करणाऱ्यांची खाती बंद केली पाहिजेत, एखादी वस्तू चोरीची आहे हे समोर दिसत असताना डोळेझाक करता कामा नये आणि ज्या हक्कभंगावर आपला ताबा चालतो त्यातून थेट पैसा कमावता कामा नये. उलट, सगळ्या साठ्यावर पहारा ठेवण्याची सक्ती साइटवर नाही. वकील मंडळी याला 'सेफ हार्बर' म्हणतात, वादळात बोटींनी शिरायचं बंदर.

हे बंदर नसेल तर काय होईल? अमेरिकेत हक्कभंगाची भरपाई प्रत्यक्ष नुकसान न दाखवताही मागता येते. दर कलाकृतीमागे 750 ते 30,000 डॉलर. आणि हक्कभंग जाणूनबुजून केला असं ठरलं तर दीड लाख डॉलरपर्यंत. हजार गाणी धरली तर हा आकडा 15 कोटी डॉलरवर जातो. व्हिओनं सगळ्या गुंतवणूकदारांकडून मिळून उभे केलेले पैसे सुमारे 7 कोटी डॉलर होते. एवढ्यावरून प्रतिवादीच्या मनावरचं ओझं लक्षात यावं.

व्हिओनं या अटी पाळल्या का? कोर्टाच्या कागदपत्रांतून जे दिसतं ते असं. व्हिडिओ चढवण्याआधी प्रत्येकाला सूचना दाखवली जाई की दुसऱ्याच्या हक्काचं काही टाकू नका. नोटीस आली की बहुधा त्याच दिवशी, फार तर काही दिवसांत व्हिडिओ काढला जाई. पहिल्या वेळी ताकीद, पुन्हा तसं झालं की खातं बंद. अशी हजारो खाती बंद झाली. काढलेल्या फाइलचा अंकांचा ठसा ठेवला जाई, म्हणजे हुबेहूब तीच फाइल दुसरा कोणी चढवायला गेला तर ती आपोआप अडे. या ठशाची मर्यादा अशी, की व्हिडिओ सुरुवातीला एक सेकंद जरी कापला तरी ठसा बदलतो. म्हणून 2007 मध्ये व्हिओनं ऑडिबल मॅजिक या कंपनीची गाळणी बसवली. ती फाइल न बघता आवाज ओळखते. आधी नव्या व्हिडिओंना आणि काही महिन्यांनी जुन्या साठ्यालाही ती लावली, तेव्हा साठ हजारांहून जास्त व्हिडिओ निघाले. यातली कोणतीही गाळणी कायद्यानं सक्तीची नव्हती. साठ हजार हा आकडा दोन्ही अंगांनी वाचावा लागतो. साइटवर दुसऱ्यांची मालमत्ता खरोखरच मोठ्या प्रमाणात होती, संगीत कंपन्यांचा राग हवेतून आलेला नव्हता. आणि साइटनं ती स्वतःहून शोधून बाहेर काढली, हेही तितकंच खरं.

पहिला खटला जून 2006 मध्ये आला. प्रौढांसाठीचे चित्रपट काढणाऱ्या आयओ ग्रुपनं दहा चित्रपटांच्या तुकड्यांवरून व्हिओला कोर्टात खेचलं. आधी नोटीस नाही, पत्र नाही. योगायोग असा, की व्हिओनं असले व्हिडिओ न ठेवण्याचा निर्णय दावा दाखल होण्याअगोदरच घेतला होता आणि ते सगळे निघूनही गेले होते. सॅन होजेच्या कोर्टात न्यायाधीश हॉवर्ड लॉइड यांनी 27 ऑगस्ट 2008 रोजी निकाल दिला. आपल्या साइटवर हक्कभंग होऊ नये म्हणून व्हिओ झटते आहे, तिला आसरा मिळालाच पाहिजे, असा त्याचा आशय होता. धंद्याची रीत बदलायला नकार देणं वेगळं आणि हक्कभंग आवरायला नकार देणं वेगळं, हा त्यातला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. रोज येणारा प्रत्येक व्हिडिओ माणसं बसवून आधी पाहा, असं सांगणं म्हणजे छोट्या साइटला दार बंद करायला सांगणं, हे न्यायाधीशांनी ओळखलं.

सप्टेंबर 2007 मध्ये युनिव्हर्सलनं लॉस एंजेलिसच्या संघीय कोर्टात दावा ठोकला, तेव्हा हा पहिला खटला अजून चालूच होता. खरी लढाई ही दुसरी. तिच्यातले मुद्दे सावकाश पाहण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा एका शब्दाचा. कायदा म्हणतो, वापरकर्त्याच्या सांगण्यावरून 'साठवल्यामुळे' झालेला हक्कभंग. युनिव्हर्सलचं म्हणणं, व्हिओ नुसती साठवत नाही. चढवलेल्या व्हिडिओचे 256 किलोबाइटचे तुकडे करते, त्याचं फ्लॅशमध्ये रूपांतर करते, लोकांना पाहू देते, उतरवूनही घेऊ देते. हे साठवणं कसलं? न्यायाधीश हॉवर्ड मॅट्झ यांनी डिसेंबर 2008 मध्ये हा अर्थ नाकारला. साठवलेली वस्तू कोणाला दिसूच द्यायची नसेल तर वेबसाइट कशाला, आणि मग संसदेनं हे कलम तरी कोणासाठी लिहिलं? शिवाय रूपांतर यंत्र आपोआप करतं, त्यात व्हिओचा कोणी माणूस निवड करत बसलेला नसतो.

दुसरा मुद्दा माहितीचा. आपल्या साइटवर आमची गाणी आहेत हे व्हिओला ठाऊकच असणार, असं युनिव्हर्सल म्हणत होतं. पुरावा म्हणून सांगितलं, की व्हिओनं गूगलवर जाहिरातीसाठी '50 सेंट', 'अॅव्हरिल लव्हीन', 'ब्रिटनी स्पिअर्स' ही नावं विकत घेतली होती. पण व्हिओचा सोनी-बीएमजीशी रीतसर करार होता आणि या तिन्ही कलाकारांचे व्हिडिओ दाखवायची परवानगी त्या करारात होती. नुसत्या नावावरून कुठलं गाणं कोणाच्या मालकीचं हे कळत नाही, हे यातून स्वच्छ दिसलं. आणि ज्यांना ते नक्की ठाऊक होतं, त्या युनिव्हर्सलनं दाव्याआधी व्हिओला एकही नोटीस पाठवली नव्हती. त्यांच्या गाण्यांबद्दल आधी आलेल्या नोटिसा रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशनकडून आल्या होत्या आणि त्यांत दाखवलेले व्हिडिओ व्हिओनं काढले होते.

डिस्नेचं पत्र हा या खटल्यातला सर्वांत मानवी भाग. डिस्नेच्या प्रमुखांनी आयझनर यांना ईमेल केलं, की 'सिंड्रेला 3' हा चित्रपट आणि 'लॉस्ट' मालिकेचे भाग आमच्या परवानगीशिवाय व्हिओवर दिसत आहेत. आपल्याच जुन्या घराची माणसं आपल्या नव्या घराबद्दल तक्रार करत होती. आयझनर यांनी काढायला सांगतो असं उत्तर दिलं आणि शपिरो यांना लगेच काढा म्हणून कळवलं. ते व्हिडिओ काढले नाहीत, असा आरोप युनिव्हर्सलनंही केला नाही. कोर्ट म्हणालं, हक्काच्या मालकानं कायद्यातल्या रीतीनं नोटीस द्यायची असते, एका खासगी पत्रावरून व्हिओला सगळ्या साठ्याचा जाब विचारता येणार नाही. माझ्या मते या प्रसंगात कायदा जसा चालायला हवा तसा चालला: मालकानं बोट दाखवलं, साइटनं वस्तू काढली.

तिसरी चाल सगळ्यांत भेदक होती. युनिव्हर्सलनं व्हिओच्या गुंतवणूकदारांवरही दावा लावला. शेल्टर कॅपिटल, स्पार्क कॅपिटल आणि आयझनर यांची टॉर्नांटे कंपनी. पैसे देऊन आणि संचालक मंडळावर बसून तुम्ही हक्कभंगाला हातभार लावला, असा आरोप. कोर्टानं तो फेटाळला, अपिलातही तो टिकला नाही. पण फेटाळला जाईपर्यंत त्यानं आपलं काम केलं असणार असं मला वाटतं. नव्या कंपनीत पैसे घालणारा माणूस धंदा बुडण्याचा धोका पत्करतो. आपल्या नावानं समन्स यावं असा धोका तो सहसा पत्करत नाही.

11 सप्टेंबर 2009 रोजी न्यायाधीश मॅट्झ यांनी खटला पूर्ण सुनावणीला न नेताच व्हिओच्या बाजूनं निकाल दिला. दोन वर्षं झाली होती. एप्रिल 2009 पर्यंत साइटवर चाळीस लाखांहून अधिक व्हिडिओ होते, म्हणजे लोकांनी ती नाकारली होती असं म्हणता येत नाही. मात्र 2008 मध्येच खर्च आवरण्यासाठी बहुतेक देशांतल्या प्रेक्षकांना तिनं दार बंद केलं होतं. मंदी आली, जाहिराती आटल्या. फेब्रुवारी 2010 मध्ये शपिरो यांनी कंपनी बंद होत असल्याचं कळवलं, तेव्हा दोन कारणं सांगितली: खटल्यांनी खाल्लेलं लक्ष आणि बिघडलेली अर्थव्यवस्था. उरलेलं सामान एप्रिलमध्ये क्लिप्सो नावाच्या कंपनीनं विकत घेतलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. व्हिओ ती पायरी चढली नव्हती; तिला दोनदा ओढून नेलं गेलं आणि दोन्ही वेळा ती निर्दोष ठरून परत आली. मार्च 2013 मध्ये अपील न्यायालयानं आपला निकाल सुधारून पुन्हा दिला. न्यूयॉर्कच्या दुसऱ्या सर्किटनं मधल्या काळात यूट्यूबच्या खटल्यात 'ताबा' या शब्दाचा जो अर्थ लावला होता, तो त्यात घेतला. व्हिओची बाजू तीच राहिली. वरातीमागून घोडं आलं ते दोनदा.

यूट्यूबचा खटलाही याच वर्षांतला. ऑक्टोबर 2006 मध्ये गूगलनं 165 कोटी डॉलरला यूट्यूब घेतलं. पाच महिन्यांनी, 13 मार्च 2007 रोजी, व्हायाकॉम या माध्यम कंपनीनं 100 कोटी डॉलरचा दावा लावला. न्यायाधीश लुइस स्टँटन यांनी जून 2010 मध्ये यूट्यूबच्या बाजूनं निकाल दिला, अपिलानं एप्रिल 2012 मध्ये काही प्रश्न परत पाठवले, एप्रिल 2013 मध्ये स्टँटन यांनी पुन्हा तोच निकाल दिला आणि मार्च 2014 मध्ये तडजोड झाली. सात वर्षं. त्या सात वर्षांत गूगलनं वकीलही पोसले आणि 'कंटेंट आयडी' ही स्वतःची ओळखयंत्रणाही उभारली. हक्काच्या मालकांना व्हिडिओ काढायचा की त्याच्यावरच्या जाहिरातीतून वाटा घ्यायचा, हे तीच विचारते. दोन्ही साइट एकाच कलमाखाली निर्दोष ठरल्या. एकीच्या मागे गूगलची तिजोरी होती, दुसरीच्या मागे नव्हती.

व्हिमिओ या आणखी एका व्हिडिओ साइटचं उदाहरण अधिक ताजं आहे. कॅपिटल रेकॉर्ड्सनं 2009 मध्ये तिच्यावर दावा केला आणि दुसऱ्या सर्किटनं व्हिमिओच्या बाजूनं शेवटचं मत दिलं ते जानेवारी 2025 मध्ये. पंधरा वर्षं! यातला बराच काळ आयएसी ही बडी कंपनी व्हिमिओची मालक होती, म्हणून ती तगली.

आपल्याकडे वेगळं काही नाही. सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सीरिजनं 2008 मध्ये मायस्पेसवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. जुलै 2011 मध्ये न्यायमूर्ती मनमोहन सिंग यांनी मायस्पेसला जबाबदार धरलं. 23 डिसेंबर 2016 रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट आणि दीपा शर्मा यांच्या खंडपीठानं ते मत बदललं. नुसती हजारो गाण्यांची यादी हातात दिली म्हणजे साइटला नेमकी माहिती झाली असं होत नाही, कुठली फाइल कुठल्या पत्त्यावर आहे ते सांगा, असं खंडपीठ म्हणालं. हा निकाल येईपर्यंत मायस्पेसवर गाणी ऐकणारं जग पांगलं होतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं 52 (1) (सी) हे कलम आलं आणि 2013 च्या नियमांनी मुदती ठरवल्या: लेखी तक्रार आली की छत्तीस तासांत मजकूर बंद; मालकानं एकवीस दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. युरोपनं 2019 मध्ये उलटी दिशा घेतली. तिथल्या निर्देशाच्या 17 व्या कलमानं परवानगी मिळवण्याची खटपट मोठ्या साइटवरच टाकली. छोट्या आणि नव्या साइटना त्यात काही सवलत ठेवली, हे चांगलं झालं.

गाणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा, शब्द लिहिणाऱ्याचा हक्क मी हलका समजत नाही. त्याच्या कामावर दुसऱ्यानं पोट भरू नये, ही मागणी रास्त आहे. नोटिसांमागे धावत राहणं एकट्या कलावंताला जमत नाही, हेही खरं. त्यासाठीच गाळण्या हव्यात आणि त्या छोट्या साइटना परवडतील अशा दरात मिळायला हव्यात. पण व्हिओच्या खटल्यात समोर एकटा कलावंत नव्हता. ज्यांच्याकडे यादी होती, वकील होते, नोटीस पाठवायला माणसं होती, त्यांनी नोटीस न पाठवता थेट दावा लावला. कायद्यानं आखलेली सोपी वाट सोडून जो महागड्या वाटेनं जातो आणि हरतो, त्यानं समोरच्याचा खर्च भरून दिला पाहिजे. हा नियम अमेरिकेत हवा आणि आपल्याकडेही हवा. मराठीत कीर्तनांचे, नाटकांचे, जुन्या मैफलींचे संग्रह आज लहान लहान संस्था स्वतःच्या बळावर नेटवर मांडू पाहत आहेत, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

व्हिओनं वकिलांचं शुल्क युनिव्हर्सलकडून मागितलं होतं. प्रश्न नवे होते आणि वादीचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं, असं कारण देऊन कोर्टानं ते नाकारलं. मार्च 2013 च्या निकालातही तो नकार कायम राहिला.